साडेपस्तीस

कुंकळ्येकर बाईंनी फळ्यावर Cl काढला,
डावीकडे खाली सतरा, वर पस्तीस.
शेजारी दुसरा: खाली सतराच,
वर सदतीस.
मी घाईत आकडे उलटे उतरवले.
"एकूण माणसं सतरा,
आणि त्यातले पुरुष पस्तीस?
वा रे आगरवाड्या!"
वर्ग हसला. मी खोडरबर शोधला.

संध्याकाळी आगरात बाबा मीठ ओढत होते.
ढिगातला एक खडा जिभेवर ठेवला.
चारांतले तीन पस्तीसवाले, एक सदतीसवाला;
कोण कुठला, जिभेला पत्ता नाही.
खारटपणा सगळा सतराकडे.
वरचे दोन न्यूट्रॉन
ना धन, ना ऋण, गप्प बसून असतात.
काट्यावर तेवढे बोलतात.

बाबांना सांगितलं,
पुस्तकात वजन दिलंय साडेपस्तीस,
पण तेवढ्या वजनाचा अणू
शोधून सापडायचा नाही, एकसुद्धा.
ते फावडं टेकून उभे राहिले.
"मग लिहितात कशाला?"
"पोत्यासाठी," मी म्हटलं,
"सुट्यासाठी नव्हे."

बाबा काही बोलले नाहीत.
दाभण घेतला,
पोत्याचं तोंड शिवायला बसले.
पेडण्याचा टेम्पो साडेसहाला येतो.