तिसरं रीडिंग

एकशे वीस तास म्हणजे चार क्रेडिट.
परभणीच्या पाणी तपासणीच्या लॅबमध्ये
सकाळी दहाला मस्टरवर सही,
मग दिवसभर ब्युरेट.

जिंतूर, सेलू, मानवत,
बोअरचं पाणी बाटल्यांतून येतं,
लेबलवरची शाई फुटलेली.
बफर घातलं की अमोनिया नाकात चढतो.
पुस्तकात त्या रंगाला वाइन रेड म्हणतात.
मी वाइन पाहिलेली नाही,
मला तो अंबाडीच्या बोंडांचा वाटतो.
थेंब, थेंब, थेंब,
आणि एका थेंबाला
जवसाच्या फुलाएवढा निळा.
आधी थांबलं तर चूक. नंतरही चूक.

आज बाटली सतरा: आमच्याच गल्लीतला हापसा.
एकोणीस पॉइंट दोन.
एकोणीस पॉइंट दोन.
तिसरं, एकोणीस पॉइंट नऊ.

बसला वीस मिनिटं होती.
वहीत मी तिसऱ्यांदाही दोनच लिहिलं.
लिंबाजीमामा बेसिनवर फ्लास्क विसळत होते,
पाठ माझ्याकडे.
म्हणाले, "साडेसातची बी बस असती, पोरी."

खोडलं.
ब्युरेटच्या टोकात हवेचा बुडबुडा अडकला होता,
मुगाएवढा, तेवढाच.
तो काढला, परत भरलं, परत थेंब.

कॉलेजच्या फॉर्मवर रकाना आहे: एकूण तास.
मी एकशे वीसच भरले.
त्या संध्याकाळचा दीड तास कुठे लिहायचा,
मॅडमना विचारलं नाही.

घरी आईने तांब्या पुढे केला.
"आपलं पाणी पास झालं का नापास?"
तांब्याच्या काठावर पांढरा थर.
जड आहे, म्हणाले,
आणि सगळं प्यायले.