वाजवून घेतलेली वीट

बावड्यात घर बांधलं तेव्हा
एकेक वीट मी वाजवून घेतली होती.
खण्ण वाजली तर आत,
बद्द वाजली तर परत ट्रॉलीत.
भट्टीवाला हसायचा,
"मगदूम, पोरगी बघायला आलाय काय?"
नऊ इंची भिंत, वर सिमेंटचा गिलावा.
मी सगळ्यांना सांगत सुटलो,
विटेच्या घराला वाळवीची भीती नाही.

महापुराचं पाणी छातीपर्यंत येऊन गेलं.
त्याची रेघ आम्ही दोनदा रंगवली.
रेघेखालची ओल मात्र
रंगाच्या डब्याला जुमानली नाही.

आर्द्रात एका संध्याकाळी
ट्यूबलाइटखाली पंखांचा सडा.
"मुंग्यांचे असतील," म्हणत पद्मलनं
मऊ केरसुणीनं हळूच गोळा केले,
दारच्या तुळशीत सोडले.
मग आतल्या खोलीचं दार अडकू लागलं.
पावसाळ्यात लाकूड फुगतंच, मी म्हणालो.
मी! तीस वर्षं उद्यमनगरात
लाकडाचे पॅटर्न कोरणारा माणूस.

मीटरच्या फळीमागं
पेन्सिलीएवढी जाड मातीची नळी दिसली,
सरळ वर गेलेली.
इतकी सरळ रेघ मला आता मारता येत नाही.

दस्तगीर मुल्लाणी आला.
त्यानं पंख तळहातावर घेतले.
"चारी एका मापाचे. मुंगीचा पुढचा जोड लांब असतोय, मामा."
स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीनं चौकट ठोकत गेला.
टक्, टक्, टक्,
बद्द.
तिथं टोक टेकवलं नुसतं,
आणि ते मुठीपर्यंत आत गेलं.

"पण वीट..." मी म्हणालो.
"वीट कुठली खातीया ती?
विटेला विट जोडताना जी फट ऱ्हाती,
त्यातनं येतीया.
तुमची वीट तिचा जिना हाय."

माळ्यावरची पेटी त्यानंच उतरवली.
माझे पॅटर्न. पंपाचा पंखा, पुलीचा अर्धा भाग,
ऊस चरकाचं एक दातेरी चाक.
लाल रंग तसाच, कडा धारदार.
उचललं तर चाक कागदासारखं हलकं.
अंगठ्यानं दाबलं, तर रंग तेवढा होता.

बीड निवलं की आकसतं,
म्हणून माझी पट्टी जगापेक्षा जराशी मोठी असायची.
मी लाकूड कोरायचो,
लाकूड वाळूत पोकळी करायचं,
पोकळीत बीड उतरायचं.
सगळा धंदा पोकळीचा.
वाळवीनं पण तेच केलं,
फक्त ओतायला काही आणलं नाही.

"औषध मारूया," दस्तगीर म्हणाला.
पद्मल दारातच उभी.
"चातुर्मास बसलाय. जीव आहेत ते.
कार्तिक पौर्णिमा होऊ दे."
दस्तगीर माझ्याकडं बघतो, मी पेटीकडं.
"काकी, वाळवीला चातुर्मास नसतोय."
"मला आहे," ती म्हणाली.

चार महिने आम्ही त्या घरात राहिलो.
रात्री दिवा मालवला की
चौकटीच्या आतून बारीक खरखर,
कुणी वाळका पापड जपून मोडावा तशी.
पद्मल सूर्यास्ताआधी जेवायची.
त्यांचं जेवण चालूच असायचं.
एकदा अंधारात तिनं विचारलं,
"किती असतील हो?"
मी माप सांगणारा माणूस. मला सांगता आलं नाही.

पौर्णिमा झाली. दुसऱ्या दिवशी ती
शिरोळला भावाकडं गेली, न विचारता.
दस्तगीरनं भिंतीकडेनं फुटाफुटावर भोकं पाडली,
औषध सोडलं, भोकं बुजवली,
नळीखाली गळणारा नळ बदलून घ्या म्हणाला,
सरपण भिंतीला टेकून रचू नका म्हणाला,
पैसे मोजून घेतले.

तिसऱ्या दिवशी ती आली.
खिडक्या उघडल्या. फरशी तीनदा पुसली.
बोलली काहीच नाही.
भिंतीवरचे सिमेंटचे ठिपके मात्र
बोट लावत लावत मोजत गेली,
स्वयंपाकघरापासून पार मोरीपर्यंत.

अजून झोपण्याआधी मी उठतो,
बोटाच्या पेरानं चौकटी वाजवतो.
अंथरुणातून ती विचारते,
"काय म्हणतंय?"
मी कान लावून उभा असतो.
"थांब," म्हणतो.