चेहरा घ्यायचा नाही

डॉक्टर मुतसिम म्हणाले, फोटो काढ,
पण चेहरा घ्यायचा नाही.
जखम, टाके, तारीख. एवढंच.

म्हणून चौथ्या वर्षाच्या इख्लासच्या फोनमध्ये
ओमदुरमानची माणसं अशी आहेत:
एक मांडी. एक खांदा, तळहाताएवढा उघडा.
चहाच्या किटलीत उकळलेले चिमटे.
मच्छरदाणीची कापून ठेवलेली जाळी
(हे पुस्तकात नव्हतं).
आणि चुकून आलेली एक चप्पल,
जिच्याखाली काय लिहावं तिला कळलं नाही.

जनरेटर बंद पडला तेव्हा
बॅटरी नऊ टक्के होती.
फोटो की उजेड, कुणी विचारलं नाही.
तिनं फोन उलटा धरला उघड्या पोटावर,
विझेपर्यंत, हात बदलत.
त्यानंतरचा एकही फोटो नाही.

पंधरवड्यानं नदीपलीकडून एक बाई आली,
तोबच्या टोकाला मुलाचं ओळखपत्र बांधून.
तिनं फोटो सरकवले एकेक,
मसूर निवडावी तसे.
एका गुडघ्यापाशी थांबली.
"गाढवाच्या गाडीवरून पडला होता," म्हणाली,
"सात वर्षांचा. हा वण तेव्हाचा.
मीच कॉफीची पूड दाबली होती."

गुडघ्याच्या वर जे होतं
ते तिनं अंगठ्यानं झाकलं.
मग विचारलं,
शेवटी उजेड होता का?

होता, इख्लास म्हणाली.

फोटोखाली तारीख होतीच.
बाईनं नाव सांगितलं,
दोनदा,
अक्षरं सुटी करून.