डावा कान

फोन बहुधा जेवायच्या वेळीच येतो.
'भाऊ, एक हाये. या लागते.'
पुंजाराम एवढंच बोलतो.
पुरुष की बाई, मीही विचारत नाही.
अल्बमचं अर्धं डिझाइन स्क्रीनवर तसंच सोडतो,
नवरदेव घोड्यावर, मागे डोंगर उसने, बर्फाचे,
आणि गाडी करंजीच्या फाट्याकडे वळवतो.

हैदराबाद रोड दिवसरात्र माणसं वाहून नेतो.
त्यातली काही आमच्या तालुक्यात उरतात.
खिशात तंबाखूची पुडी, कुठल्याशा ढाब्याची पावती,
नाव नाही.
रुग्णालयाच्या मागच्या खोलीत
काही दिवस कुणाची तरी वाट पाहिली जाते,
मग सोबत सेवा मंडळाची गाडी येते:
पांढरं कापड, मिठाची पिशवी, दोन फावडी, पुंजाराम मेश्राम,
आणि वहीत डकवायला एक फोटो.
तो माझ्याकडे. पैसे घ्यायचे नाहीत, हे मीच ठरवलं.

पहिल्यांदा गेलो तेव्हा सवयीनं म्हणालो,
'मान जरा इकडे.'
पुंजारामनं ती इकडे केली.
तेव्हापासून मी तिथं बोलत नाही.

फ्लॅश वापरत नाही, चेहरा सपाट होतो.
खिडकीचा उजेड दहाच्या आधी बरा,
नंतर समोरच्या टिनावरून परतून सगळं पिवळं करतो.
हिरवा कंगवा वेगळा ठेवलाय,
दुकानातल्यांत मिसळू नये म्हणून त्याला दोरा बांधलाय.
वरचं बटण लावतो. नसलं तर कापड थोडं वर ओढतो.
घरच्यांनी ओळखावं म्हणून हा फोटो,
आणि घरच्यांनी फार तर झोपेतला चेहरा पाहिलेला असतो.
तो वेगळा असतो.

मंडळाचे अध्यक्ष तसे भले.
'राज्या, गाडीसंगं एक झकास काढ, बोर्ड दिसला पाहिजे.'
काढतो. देणग्या त्याच फोटोवर येतात,
डिझेल देणग्यांवर.
डोळ्यांवर सावली नको म्हणून टोपी तेवढी उतरवायला लावतो.

पोळ्यानंतर एक बाई आली, राजनांदगावकडची,
नातू बरोबर, तीन गाड्या बदलून.
पोरगा बोअरच्या ट्रकवर होता.
फोन बंद पडून चौदा महिने.
वही तिनं शेवटाकडून उघडली,
चेहऱ्यांवरून चालत गेली, बाजारातून जावं तशी,
त्याच्याही चेहऱ्यावरून गेली पुढे.
नातवानं पान मागे घेतलं.
एकोणचाळीस. अनोळखी पुरुष, अंदाजे तीस.
खाली कोपऱ्यात एक जास्तीचा फोटो,
डावा कान, पाळी कधीतरी फाटून पुन्हा जुळलेली.
का काढला होता, आठवत नाही.
कार्डात जागा होती बहुतेक.

बाईनं कानाला हात लावला,
फोटोतल्या नाही, स्वतःच्या.
आणि तो हात तिथून काढलाच नाही.
पुंजाराम चहा सांगतो म्हणून गेला
आणि बराच वेळ आला नाही.

आता मी कान काढतो, दोन्ही.
गोंदण, तळहात, दातांमधली फट,
टाचेवरची जुनी शिवण.
एकेका माणसाला अर्धा तास लागतो.
लग्नातही इतका वेळ कुणी देत नाही.

सव्वीस जानेवारीला मंडळानं शाल-नारळ दिला.
तो फोटो माझ्या दुकानातल्या पोट्ट्यानं काढला. हलला.
शाल ओळखू येते.

परवा पाटणबोरीला हळद होती.
मांडवात डीजे, पिवळे झालेले पन्नास-साठ लोक,
आणि मला नुसते त्यांचे कान दिसायला लागले,
भिकबाळीचे, चपटे, केस आलेले,
एकाचा वरून चिरलेला.
'काय पाहून राह्यले भाऊ?' नवरीच्या मामानं विचारलं.
'काही नाही,' म्हटलं, 'मान जरा इकडे.'

त्यानं ती आपली आपणच वळवली.