पानी कसा हाय?

पहिल्या दिवशी धक्क्यावर गेलो
तो कुरिअरने आलेली रॉड घेऊन.
रीळ अजून प्लास्टिकात, बिल खिशात.
टोकाला एक दगड रिकामा दिसला,
बसलो.
कुणी काही बोललं नाही.
दाऊद सोलकर आपली डबी उचलून
हातभर पलीकडे सरकला,
त्याच्यामुळे गुणाजी, गुणाजीमुळे सुलभा,
सगळी रांगच हातभर हलली.
मला वाटलं, काय माणसं आहेत,
नव्याला जागा करून देतात.

बँकेत दिवसभर मी विचारतो
किती, कधी, कुणाच्या नावावर.
त्याच तोंडाने इथे विचारलं,
"मिळालं का काही?"
गुणाजी कुवेसकर पाण्याकडे बघत राहिला.
थंडी पडेपर्यंत लागला मला वेळ हे कळायला,
की माशाचं नाव काढायचं नसतं.
विचारायचं, "पानी कसा हाय?"
आजाऱ्याच्या घरी गेल्यावर आपण आधी
त्याच्या म्हशीची चौकशी करतो, तसं.

कुणी शिकवत नाही. आपणच चुकायचं.
पाण्यावर बॅटरी मारली तेव्हा
सुलभा खडपे नुसती खाकरली.
आडव्या काठीला मी ओलांडलं तेव्हा
दाऊदने ती उचलून उभी धरली,
आणि मी परत वळसा घालून, चिखलातून, आलो.
गाबोळीची काळुंदर ओल्या हाताने सोडायची.
कोरड्या हाताने सोडलेली मी एकदा,
गुणाजीने माझा हात धरून पाण्यात बुडवला,
मासा गेल्यानंतर.

आणि गुंता झाला, माझाच व्हायचा,
तर कापायची ती आपली दोरी.
दाऊदने तीनदा कापली स्वतःची.
चौथ्यांदा मी आधी ब्लेड काढलं.
"आता झालास," म्हणाला.
काय झालो, ते नाही सांगितलं.

तो कोंबड्याच्या मानेच्या पिसांची माशी बांधतो
बायकोच्या शिवणातल्या लाल दोऱ्याने.
साधली की शेजाऱ्याच्या डबीत टाकतो,
वाकडी झाली की स्वतःला ठेवतो.
माझ्या डबीत अकरा आहेत. सगळ्या सरळ.

मार्गशीर्षातल्या उधाणाला
त्यातल्याच एकीवर जिताडा आला.
रीळ किंचाळलं, मी उभा राहिलो,
आणि बघतो तर सगळ्यांच्या दोऱ्या वर,
सुलभाने पाण्यावर सोडलेले पायसुद्धा आत घेतलेले.
अख्खी खाडी माझ्यासाठी मोकळी करून
ते गप्प बसले होते.
चांदण्यात तो एकदा पुरा बाहेर आला,
कल्ले फडफडवत, माझ्या मांडीएवढा,
आणि दोरी हलकी झाली.

कुणी अरेरे म्हणालं नाही.
बिडी अर्धी झाल्यावर गुणाजी म्हणाला,
"ओंडका व्हता."
"होय, ओंडकाच," सुलभा म्हणाली.
सगळ्यांनी पाहिला होता.
मग माझी दोरी पुन्हा पाण्यात पडेपर्यंत
एकानेही आपली टाकली नाही.

त्याच रात्री बसल्या बसल्या बोटांना लागल्या
दगडाच्या कडेला तीन रेघा,
वर्षानुवर्षं दोरी घासून पडाव्यात तशा.
"ह्या?"
"आबू तांडेलच्या," सुलभा म्हणाली.
होत्या नाही म्हणाली. त्याच्याच आहेत, अशा सुरात.
मी काही न बोलता उठलो
आणि हातभर अलीकडे बसलो.
दाऊद सरकला, गुणाजी सरकला.
पाणी तेवढंच होतं.

निघताना सायकलच्या हँडलला पिशवी.
आत दोन शेंगट्या,
काटे आधीच मोडलेले,
माझ्या हाताला अजून सवय नाही म्हणून.
कुणी बांधली, ते विचारायचं नसतं.
पिशवी गळकी होती.
चढ चढून घरी पोचेस्तोवर
डावी पँट गुडघ्यापर्यंत भिजली.