अतिप्रदान

पारोळ्याच्या तहसिलीबाहेर, झेरॉक्सच्या दुकानाला टेकून
माझं अर्जांचं टेबल. वर निळी ताडपत्री.
दुपारी तिच्यातून ऊनसुद्धा निळंच गळतं
आणि लोकांचे कागद आजारी दिसतात.

सुपडाबाईंनी पदराच्या गाठीतून नोटीस काढली.
चार घड्या, हळदीचा एक डाग.
वाचून दाखवली: विधवा अनुदान,
मुलगा एक जूनला पंचवीस वर्षांचा झाला,
सबब त्यापुढचे एकोणीस महिने अतिप्रदान,
रुपये अठ्ठावीस हजार पाचशे
पंधरा दिवसांत शासनजमा करावेत.

"अतिप्रदान म्हंजे?"
जास्त दिलं गेलं, म्हणालो.
त्या बघत राहिल्या माझ्याकडे.
"माले? जास्ती? कव्हय?"

मी विचारलं नव्हतं, तरी हिशेब सुरू झाला:
बीपीच्या गोळ्या, सिलिंडर, दादर, पत्र्याला डांबर,
नणंदेच्या नातीला एक फ्रॉक.
फ्रॉकपाशी आवाज खाली गेला,
जणू वसुली तिथूनच सुरू होणार होती.

अशा वेळी माझ्याकडे एक वाक्य असतं.
तीस वर्षांत हात आपोआप वळतो:
'मुलगा विभक्त राहतो, मला सांभाळत नाही.'
त्याने साहेब कधी विरघळतात,
निदान फाईल गठ्ठ्याच्या तळाशी जाते.
आणि खोटं तरी कुठे होतं?
भटू सुरतेला, उधन्याच्या डाइंग मिलमध्ये,
एका खोलीत सहा जण, पाळीपाळीने झोपणारे.
शेवटचे पैसे परवाच्या दिवाळीला आले होते.

लिहिलेलं वाचलं, तर त्यांनी पेनावर हात ठेवला.
"आसं नको लिखू, भाऊ. तो फोन करस ना."
काय म्हणतो?
"जेवनी का, इचारस."

अहो, नुसता कागद आहे, सगळेच लिहितात.
"मी मरी जासू. कागद ऱ्हाई.
उद्या त्याना पोरं वाचतीन."

मी ओळ खोडली. खोडलेलंही वाचता येतं,
म्हणून त्यांनी नवा कागद मागितला.

महिना पाचशेचा हप्ता. सत्तावन्न महिने.
किती पाटी बिबडे होतात हे मनात मोजलं असावं,
कारण उजवा हात मांडीवर थापत राहिला.
अंगठा उठवला, शाई पदराला पुसली,
माझे तीस रुपये दिले आणि गेल्या.

रसवंतीपाशी पोचून परत आल्या.
"त्यानी तारीख खोटी शे."
कुणाची?
"भटूनी. एक जून मास्तरनी लिखी."

माझीही एक जूनच.
आमचा अख्खा वर्ग एकाच दिवशी जन्मला,
सरकारदरबारी एवढ्या कळा
एका सकाळी कुणी सोसल्या, देव जाणे.

त्या मात्र आता बाकावर मांडी घालून बसल्या:
कानबाईच्या रोटांचं दळण चाललं होतं,
जात्यावर सवाष्णी तिघी, ही चौथी, दिवस भरलेली,
पीठ अर्धं झालं आणि खुंटा सुटला हातातून.
दळण तसंच टाकून सगळ्या तिच्याभोवती.
त्या वर्षी रोट उशिरा झाले, गावाला माहीत आहे.

कानबाई श्रावणात. म्हणजे जून, जुलै. दोन महिने.
तीन हजार रुपये.
मला हसू येत होतं, पण बाई हसत नव्हती.
जे मागायला लाज वाटावी ते मागितलं नाही,
जे आपलं होतं त्यातला एक दिवस सोडायला तयार नव्हती.

नवीन कागद घेतला. स्टॅम्पाची जागा सोडून लिहिलं:
'महोदय, हप्ते मान्य आहेत. परंतु माझा मुलगा
शाळेच्या दाखल्याआधी, प्रत्यक्षात, श्रावणात जन्मला.
तरी कृपया त्यास आणखी दोन महिने
चोवीस वर्षांचाच धरावा, ही विनंती.'

आवक खिडकीवर कारकून म्हणाला, पुरावा?
सुपडाबाईंना प्रश्नच कळला नाही.
"मी व्हतू ना तठे," त्या म्हणाल्या.

तो थांबला. शिक्का हातात होता.
मागे पंख्याने कुणाचा तरी कागद उडवला
आणि रांगेतले तिघे जण तो धरायला वाकले.