उरलेल्या फळ्या

पर्वरीच्या चौथ्या मजल्यावर माझं कार्ड
लाल दिवा दाखवू लागलं, तो मंगळवार.
त्याआधी अकरा मिनिटांची मीटिंग.
पडद्यावर बंगळूरची एक मुलगी कागद वाचत होती,
माझं आडनाव तिने तीनदा चुकवलं.
शेवटी विचारलं, काही प्रश्न?
मी म्हटलं, खुर्चीवरचं स्वेटर माझं आहे.

पुढचा महिनाभर सासूबाई
आठ वाजता डबा भरतच राहिल्या.
घरात कुणी काही बोललं नाही.
मी तो मागच्या खोलीत न्यायची.
शिलाई मशीनच्या झाकणावर जुना लॅपटॉप,
त्याचं 'र' चं बटण निखळलेलं.
बरोबर एक वाजता डबा उघडायची,
गार भात, सुंगटांची किस्मूर,
मायक्रोवेव्हपाशी अजून रांग असल्यासारखी
जरा थांबून.

कार्डं छापली शंभर.
वेब डिझायनर, स्वतंत्र.
प्रेसवाल्या खांडेपारकरांनी चष्म्यावरून बघितलं:
स्वतंत्र म्हणजे, नोकरी नाही असंच ना?

शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात हिंडले.
मयड्याची केळी विकणारी म्हणाली,
बाय, माझी केळी तीन दिवसांत पिकतात.
तुझं काम किती दिवसांत पिकतं?
माझ्यापाशी उत्तर नव्हतं.
अर्धा डझन घेऊन पुढे गेले.

कार्ड नीट वाचलं ते एकट्या इनासने.
चर्चमागच्या उतारावर त्याचं दुकान, शवपेट्यांचं.
लेक स्विंडनला, तिनेच फोनवर सांगितलेलं,
पप्पा, लोक आता आधी मोबाइलवर शोधतात.
भिंतीवर खडूने मापं: सहा, साडेपाच, पाच.
आणि कोपऱ्यात अडीच.
अडीचचा फोटो नको, म्हणाला,
आणि रंधा पुन्हा हातात घेतला.

मी सवयीने लिहीत गेले:
आमच्याविषयी. सेवा. संपर्क.
'ग्राहकांचे अभिप्राय' पाशी आले तसा
इनास इतका हसला
की मिशीतला भुसा उडाला.
'पुन्हा अवश्य भेट द्या' मी आपणहून खोडलं.
रंग करडा ठेवला होता, सभ्य, दुखवट्याचा.
तो म्हणाला, आबोली घाल.
लोक रडूनच येतात, बाय,
त्यांना आणखी रडवायला
मी पैसे कशाला देऊ?

नऊ वर्षं मी बटणं काढली.
गोल, चौकोनी, सावलीची, बिनसावलीची.
कोण दाबतं, का दाबतं,
महिन्याच्या तक्त्यात फक्त टक्के यायचे.
इथे अकराव्या रात्री, सव्वादोनला,
कुणीतरी हळदोण्याहून आबोली बटण दाबलं.
सकाळी इनासचा फोन:
चललें मगे तुजें बटण.
मला आनंद झाला.
मग लाज वाटली.
मग दोन्ही मिळून काय ते झालं,
त्याला नाव नाही.
हळदोण्यात एक घर जागं होतं
आणि मी चहात साखर जास्त घातली.

पैसे त्याने निम्मे दिले.
उरलेल्याचं टेबल,
फणसाच्या फळ्यांचं, सहाच्या मापातून शिल्लक राहिलेल्या.
टेम्पोतून उतरवताना सासूबाईंनी बोटाने वाजवून बघितलं.
कशातून उरलंय ते मी सांगितलं.
त्या क्षणभर गप्प. मग म्हणाल्या,
लाकूड बरं आहे,
आणि ओल्या फडक्याने पुसून काढलं.
डबा आता फडताळात आहे.
एक वाजता हाक येते, मी उठून जेवायला जाते.

टेबलाचा एक पाय आखूड निघाला.
इनासला सांगितलं तर म्हणतो,
पेट्यांना पाय नसतात, बाय,
हात बसलेला नाही.
मी खाली चार कार्डं सारली.
आता हलत नाही.
कोपर जोरात टेकलं,
तरच थोडं.